निरोगी माणसाचे रक्त

‘मला काही झालेलेच नाही, मग माझे रक्त तुम्हाला कशाला हवे?’ कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवर हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे, की त्याला उत्तर देणे हाच माझ्या नोकरीचा निम्मा भाग होऊन बसला होता. मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ. उभी हयात सुई, काच आणि नळी यांच्या संगतीत गेली. रक्त काढणे हे माझे काम. ते का काढायचे हे समजावून सांगणेही माझे काम आहे, असे नेमणुकीच्या कागदावर कुठे लिहिलेले नव्हते. परंतु प्रश्न रास्त होता. त्यात अडाणीपणा शोधणारे साहेब मी पाहिले आहेत. मला त्यात शहाणपण दिसत आले. ज्यांच्या अंगाला शिवणे काल-परवापर्यंत विटाळ मानला जात होता, त्यांच्याच अंगातले रक्त आज बर्फाच्या पेटीतून जपून नेले जात असेल, तर ते कोणासाठी आणि कोणत्या अटीवर नेले जाते, हे विचारलेच पाहिजे.

प्रथम एक गोंधळ दूर करू. रक्त देणे म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे रक्तदान शिबिर येते. तिथे साडेतीनशे मिलिलिटरची पिशवी भरते आणि ती कोणा रुग्णाला चढते. ताप आला म्हणून मलेरियाचा कर्मचारी बोट टोचून काचेवर थेंब घेतो, ते आपल्याच आजारासाठी. हत्तीरोगाच्या पाहणीत धडधाकट माणसाचेही रक्त घेतात, तेही रात्री, कारण त्या रोगाचे जंतू रात्रीच रक्तात फिरायला निघतात. ती सरकारची रोगावरची पाळत. संशोधनासाठी घेतलेला नमुना या तिघांहून निराळा. तो चमचाभर, म्हणजे पाच मिलिलिटरच्या आसपास असतो. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते, त्यामुळे एवढ्याने अशक्तपणा येत नाही. हे मी प्रत्येक वाडीवर शपथेवर सांगत असे, आणि ते खरे आहे. पण तो नमुना ज्याने दिला त्याच्या औषधासाठी नसतो. तो ज्ञानासाठी असतो. आणि ते ज्ञान उद्या कोणाच्या पदरात पडेल हे देणाऱ्याला ठाऊक नसते.

निरोग्याचे रक्त का लागते? तुमच्या घरात रक्ततपासणीचा एखादा कागद असेल तर तो काढून पाहा. एका रकान्यात तुमचा आकडा, आणि शेजारच्या रकान्यात ‘नॉर्मल’ म्हणून एक पट्टा छापलेला असतो. तो पट्टा आभाळातून पडलेला नाही. कोणीतरी शेकडो निरोगी माणसांचे रक्त तपासले, त्यातल्या बहुतेकांचे आकडे ज्या दोन टोकांच्या मध्ये बसले तो पट्टा ठरवला, आणि त्याच्या बाहेर जो गेला त्याला आजारी म्हणायचे असे ठरले. आता प्रश्न असा की ती शेकडो माणसे कोण होती? ती जर सगळी परदेशातली, किंवा शहरातल्या कचेरीत बसणारी असतील, तर वीटभट्टीवर दहा-दहा तास चिखल तुडवणाऱ्या कातकरी बाईचे माप त्यांच्या पट्टीने घ्यायचे का? आजार ओळखायचा तर आधी निरोगीपण ओळखावे लागते, आणि निरोगीपणाच्या व्याख्येत आपली माणसे नसतील तर औषधाच्या मात्रेतही ती नसतात. म्हणून निरोग्याने नमुना देण्यात आपला स्वार्थ आहे, असे मी मानतो.

मुंबईतलेच एक उदाहरण घ्या. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवा रक्तगट जगापुढे मांडला. त्याला आज ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणतात. ए, बी किंवा ओ, कोणत्याही गटाच्या रक्तपेशीवर ‘एच’ नावाचा पायाचा पदार्थ असतो. ओ गटात नुसता तोच, ए आणि बी गटांत त्याच्यावर चढवलेली भर. या माणसांत तो पायाच नाही. नेहमीच्या चाचणीत त्यांचे रक्त ‘ओ’ दिसते; पण ओ गटाची पिशवी चढवली तर त्यांचे शरीर ते रक्त परके समजून फोडून टाकते आणि माणूस दगावू शकतो. त्यांना त्यांच्याच गटाचे रक्त लागते. आता हा गट किती जणांत आहे, घराण्यात कसा उतरतो, हे रुग्णाच्या उशाशी बसून कळत नाही. त्यासाठी रुग्णाचे भाऊबंद आणि हजारो धडधाकट माणसे तपासावी लागली. तेव्हा कळले की आपल्याकडे साधारण दहा हजारांत एकजण असा निघतो, आणि युरोपात तो त्याहून कितीतरी विरळा. मुंबईत १९५७ साली रक्तगटांचे संदर्भ केंद्र सुरू झाले, तीच पुढे राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्राची संस्था झाली. ज्या अनाम माणसांनी त्या काळी हात पुढे केले, त्यांच्यामुळे आज एखाद्या बाळंतिणीचा जीव वाचतो. त्यांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत.

सिकलसेलची गोष्ट आपल्या अधिक जवळची आहे. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मध्य भारतातील सिकलसेलची नोंद छापली. विदर्भात हा दोष आदिवासींत आणि पूर्वाश्रमीच्या महार, आजच्या बौद्ध समाजात मोठ्या प्रमाणावर आढळतो. यात रक्तातल्या हिमोग्लोबिनची घडण किंचित बदललेली असते. आई-बाप दोघांकडून ती आली तर पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक शिरांत अडकतात, आणि हाडे फुटल्यासारखी दुखतात. एकाच पालकाकडून आली तर माणूस वाहक होतो. तो नांगर धरतो, ओझी उचलतो, त्याला काहीही होत नाही. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारांत एक. म्हणजे रोग पुढच्या पिढीत उतरतो तो बहुधा निरोगी माणसाच्या रक्तातूनच, आणि तो शोधायचा तर निरोग्यालाच टोचावे लागते. हा दोष मुळात टिकला का, याचे उत्तर अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली आफ्रिकेतल्या अभ्यासातून दिले: वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळते. रानात, दलदलीच्या कडेला ज्यांच्या पिढ्या गेल्या त्यांच्या रक्तावरची ही मलेरियाशी झुंजल्याची खूण आहे. देवाचा कोप नाही, मागल्या जन्मीचे पाप तर नाहीच नाही. हे एवढे समजावे म्हणूनसुद्धा मी संशोधनाचा ऋणी आहे.

१ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले; चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट. हे संशोधन नव्हे, तपासणी आहे. तिथे निकाल तुमच्या हातात पडलाच पाहिजे, तो तुमचा हक्क. पण तोच कागद सोयरिकीच्या बैठकीत पोहोचला, तर वाहक मुलीला नकार मिळतो. मुलाच्या बाबतीत मात्र कागद कोणी मागत नाही. हेही मी पाहिले आहे. रक्ताची माहिती गुप्त का ठेवायची, याचे याहून साधे कारण दुसरे नाही.

आता जातीकडे वळतो, कारण आपल्याकडे रक्ताचा विषय निघाला की जात दाराशी उभीच असते. ‘रक्ताला जात नसते’ ही घोषणा भिंतीवर छान दिसते. पण या देशात शास्त्रज्ञांनी नमुने गोळा केले ते बहुधा जातवार. पूर्वी रिस्ले साहेबाने नाके मोजली आणि जसे नाक रुंद तशी जात खालची, असा सिद्धांत मांडला. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात घुर्ये यांनी दिलेली मोजमापेच घेतली आणि उलटा निष्कर्ष काढून दाखवला: ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचे वंश वेगळे ठरत नाहीत. शत्रूच्या तराजूतच माप टाकून दाखवण्याची ही रीत मला फार आवडते. १९४९ साली संघवी आणि खानोलकर यांनी मुंबईतल्या सहा जातिगटांच्या रक्ताचा अभ्यास छापला. १९६८ साली इरावती कर्वे आणि मल्होत्रा यांनी एकाच दर्जाच्या आठ पोटजातींची जैविक तुलना केली, तेव्हा त्या एका कुळातल्या बहिणी ठरल्या नाहीत. एकमेकींपासून वेगळ्याच निघाल्या. आणि २०१३ साली हैदराबादची पेशी व रेणू जीवशास्त्राची संस्था आणि हार्वर्ड यांच्या शास्त्रज्ञांनी देशभरच्या नमुन्यांवरून सांगितले, की साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात येथील लोकसमूह आपसांत भरपूर मिसळत होते, आणि त्यानंतर हे मिसळणे थांबले. दारे आतून लावून घेतली गेली. जातीचे सार बेटीबंदीत आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात केवळ तर्काने आणि समाजशास्त्राने मांडले होते. जवळजवळ शंभर वर्षांनी त्याची साक्ष रक्ताने दिली. आणि ते रक्त कोणा निरोगी शेतमजुराने, कोणा आदिवासीने दंड पुढे करून दिलेले होते.

म्हणजे ज्ञान आपल्या बाजूचे आहे. भांडण ज्ञानाशी नाही, ते मिळवण्याच्या रीतीशी आहे.

गावगाड्यात महाराने मेलेले ढोर ओढले, सांगावा नेला, चावडी झाडली. त्याला कोणी ‘तुझी तयारी आहे काय’ असे विचारले नाही. बदल्यात तुकडा मिळे, म्हणून ते काम ऐच्छिक होते असे म्हणणारे विद्वान निघालेच. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते नेमक्या या फसवणुकीवर बोट ठेवून. ज्या देण्यात नाही म्हणण्याची सोय नाही, त्याला दान म्हणत नाहीत, वेठ म्हणतात. रक्ताच्या चमचाभर नमुन्यालाही मी हीच कसोटी लावतो.

या कसोटीवर इतिहास पाहा. वाल्देमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्या माणसाविषयी मला नितांत आदर आहे. पण पुढची मोठी परीक्षा झाली ती भायखळ्याच्या तुरुंगात, कैद्यांवर. जे तयार झाले त्यांना टोचले, उरलेल्यांशी तुलना केली, आणि लस उपयोगी ठरली. कैदी ‘तयार’ होते असे नोंदले आहे. साखळदंडातल्या माणसाची तयारी किती खरी धरायची? अमेरिकेत टस्कीगी येथे १९३२ पासून काळ्या पुरुषांवर उपदंशाचा अभ्यास चालला. ३९९ रोगी आणि तुलनेसाठी २०१ निरोगी. ‘तुमचे रक्त खराब आहे, त्यावर उपचार चालू आहेत’ असे सांगून वर्षानुवर्षे नमुने घेतले, आणि पेनिसिलीन आल्यावरही ते दिले नाही. हे १९७२ च्या जुलैमध्ये उघडकीस आले; त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली होती. ॲरिझोनातल्या हवासुपाई आदिवासींनी १९९० च्या सुमारास मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिले. ते रक्त पुढे त्यांना न विचारता मनोविकार, भाऊबंदकीतली लग्ने आणि त्यांचे पूर्वज कुठून आले अशा विषयांसाठी वापरले गेले. खटला झाला, आणि २०१० साली विद्यापीठाने सात लाख डॉलर भरपाई देऊन उरलेले रक्त परत केले. त्या लोकांनी ते आपल्या विधीप्रमाणे घरी नेले.

हवासुपाईंची गोष्ट मी वाड्यांवर सांगत असे, कारण तिच्यात नमुन्याची खरी भानगड आहे. रक्त एकदा अतिथंड पेटीत, शून्याखाली ऐंशी अंशांवर ठेवले की त्यातले जनुकद्रव्य दशकानुदशके टिकते. माणूस मरतो, नळी राहते. आज विचारलेला प्रश्न एक, आणि दहा वर्षांनी त्याच नळीला विचारलेला प्रश्न दुसराच. म्हणून संमती नुसती ‘रक्त देतो’ एवढ्याची नसते. या एकाच अभ्यासाला देतो, की याच रोगाच्या पुढच्या अभ्यासांनाही देतो, की कोणत्याही कामाला देतो, हे वेगवेगळे विचारता येते आणि विचारावे, असे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. परिषदेने पहिले धोरण १९८० साली काढले, मग २००० आणि २००६ साली ते वाढवले. वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना तिऱ्हाईत, निःपक्षपाती साक्षीदार हजर हवा. वाडीचा कारभारी किंवा सरपंच ‘हो’ म्हणाला म्हणून एकेकट्याची संमती मिळाली असे होत नाही. नंतर मन बदलले तर माघार घेता येते.

माघारीत एक मेख आहे, ती फारसे कोणी उलगडून सांगत नाही. नळीवरचे नाव काढून क्रमांक घातला, आणि क्रमांक-नावाची वही कुलपात राहिली, तर तुमची नळी शोधून काढता येते. ती नष्ट करता येते, त्यात काही गंभीर आढळले तर तुम्हाला निरोपही देता येतो. पण वहीच ठेवली नाही, तर तुमची ओळख पुरती सुरक्षित राहते आणि त्याचबरोबर तुमचा नळीवरचा हक्कही संपतो. दोन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत. शिवाय नाव गेले तरी जमात राहते. ‘अमुक जमातीत तमुक दोष’ असे छापून आले की डाग एकट्यावर पडत नाही, सगळ्या वाडीवर पडतो. म्हणूनच देशातल्या जनुकभेदांचा जो मोठा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला, त्यात जातिजमातींची नावे न देता भाषा आणि प्रदेशावरून सांकेतिक अक्षरे दिली होती. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पात ८३ लोकसमूहांतल्या सुमारे दहा हजार माणसांचे जनुकसंच वाचले गेले, आणि ९ जानेवारी २०२५ रोजी ती माहिती संशोधकांना खुली झाली. दहा हजारांत आपणही कुठे आहोत, याचा मला आनंद आहे. त्या माहितीतून उद्या औषध निघाले तर ते आमच्या आरोग्य केंद्राच्या कपाटापर्यंत येईल का, ही शंकाही आहे.

आमच्याकडचे सांगतो. कातकरी माणूस दिवाळी झाली की कुटुंबकबिला घेऊन वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला जातो, आणि पावसाच्या तोंडावर परततो. एका वर्षी शहरातले एक पथक खालापूरच्या एका वाडीवर ऐन दिवाळीआधी आले. सकाळभरात साठेक माणसांचे रक्त घेतले, बिस्किटाचे पुडे वाटले, प्रमाण मराठीतले चार पानी संमतिपत्र पुढे केले आणि अंगठे उमटवून घेतले. वाडीवर कातकरी बोली बोलतात. ‘जनुकीय वैविध्य’ हा शब्द तिथे कोणाच्या बापाने ऐकलेला नव्हता. अहवाल महिन्याभरात देऊ म्हणाले. महिन्याभराने वाडीच्या झोपड्यांना कुडाची दारे लावलेली होती आणि आत माणूस नव्हता. अहवाल तेव्हा आला नाही, पावसाळ्यातही आला नाही. पुढच्या वर्षी मी सरकारी कामासाठी त्याच वाडीवर गेलो, तेव्हा एक म्हातारी म्हणाली, ‘आधीचं रगत कुठं गेलं त्ये सांग, मंग नवं घे.’ तिला मी काय सांगणार? त्या पथकाचा पत्ता वाडीवर कोणाजवळ नव्हता. संमतिपत्राची एक प्रत देणाऱ्याजवळ राहिली पाहिजे, तिच्यावर संशोधकाचा आणि नैतिक समितीचा पत्ता-फोन असला पाहिजे, हा नियम आहे. तो किती मोलाचा आहे हे मला त्या म्हातारीने शिकवले.

पैशाचे प्रकरण वेगळे. पेटंट सरलेले औषध दुसऱ्या कंपनीने बनवले की ते मूळ औषधासारखेच रक्तात उतरते का, हे निरोगी माणसांवर पाहतात. माणसाला गोळी देऊन एक-दोन दिवस केंद्रात ठेवतात, आणि हातात बसवलेल्या नळीतून ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा रक्त घेतात. काही दिवसांच्या खंडानंतर दुसरी गोळी आणि तेच सारे पुन्हा. आपण खातो ती स्वस्त औषधे याच वाटेने येतात. याचा मोबदला मिळतो. ठेकेदाराने कामावरून कमी केलेला खोपोलीचा एक तरुण मला म्हणाला होता, ‘तात्या, हजेरीपेक्षा बरं, नुसतं पडून राहायचं.’ पण दोन अभ्यासांमध्ये पुरेसा काळ जायला हवा, नाहीतर आधीचे औषध अंगात असते आणि रक्तही भरून आलेले नसते. गरजू माणूस हे लपवतो आणि दुसऱ्या केंद्रात नाव घालतो. २०१९ च्या नव्या नियमांनी चाचणीत इजा झाल्यास उपचार आणि भरपाई देणे बंधनकारक केले आहे. मोबदला लालूच ठरू नये असेही सूचना सांगतात. मात्र ज्याच्या घरात चूल पेटायची आहे, त्याला मोबदला कुठे संपला आणि लालूच कुठे सुरू झाली, हे कोणता कागद सांगणार?

नैतिक समितीत एक सामान्य नागरिक असावा लागतो, वैद्यकाबाहेरचा. संशोधनाचा प्रस्ताव त्याच्याही डोळ्यांखालून जातो. त्या खुर्चीवर निवृत्त प्राध्यापक किंवा एखाद्या विश्वस्ताच्या नात्यातल्या बाई बसण्याऐवजी ज्यांचे नमुने घेतले जातात त्या वस्तीतला माणूस बसावा, अशी माझी मागणी आहे. त्याला जनुकशास्त्र येत नसेल. पण दिवाळीनंतर वाडी ओस पडते, एवढे तो नक्की सांगेल.

नोकरीच्या अखेरच्या वर्षांत कर्जतच्या भीमाशंकराकडच्या अंगाला एका ठाकरवाडीवर दुसरे एक पथक आले होते. त्यांनी आदल्या आठवड्यात येऊन वाडीतल्याच एका शिकलेल्या मुलीकडून संमतिपत्र ठाकरी बोलीत सांगवून घेतले, आणि त्या दिवशी सुईला हात लावला नाही. विचार करायला सात दिवस दिले. आठव्या दिवशी बेचाळीसजणांनी रक्त दिले, अकराजणांनी दिले नाही. बेचाळीसांपैकी काहींनी फक्त या एकाच अभ्यासाला म्हणून खूण केली होती. न देणाऱ्या अकरांचाही रक्तदाब पथकातल्या डॉक्टरणीने तपासला, आणि त्यातल्या दोघांना कशेळ्याच्या रुग्णालयाची चिठ्ठी लिहून दिली.